रद्दीतून परत आलेलं ५२ एल

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत हिमाचलातल्या स्पितीतून लडाखच्या त्सो मोरीरी तलावापर्यंत चालत गेलेल्या मुलांचा लेख वाचला. लेख छानच आहे, फोटो तर फारच छान, पण एका फोटोखाली ओळ होती की पारांग ला खिंड ओलांडली की पुढे मैलोन्मैल काहीच नाही. वाचून आधी राग आला आणि दोन मिनिटांनी माझं मलाच हसू आलं, कारण हेच वाक्य मी स्वतः एकतीस वर्षं पोरांना शिकवलंय, तेही त्याच भागाचा नकाशा टेबलावर पसरून. त्या नकाशाबद्दल लिहायला बसलेय, ५२ एल हा त्याचा नंबर. पत्र लांबणार आहे, कापायचं तर खुशाल कापा, पण रद्दीचा भाग तेवढा ठेवा.

तर झालं असं. गेल्या दिवाळीच्या आधी एका सकाळी फोन आला, मॅडम ओळखलंत का. आवाजावरून कुठलं ओळखणार, पण निघाला माझाच विद्यार्थी. वडिलांचं रद्दीचं दुकान होतं, आता तोच बघतो. म्हणाला मॅडम, कॉलेजमधनं माल आलाय, त्यात जाड कागदाचे मोठे मोठे नकाशे आहेत, पाठीमागे तुमची सही दिसतेय, फाडू का ठेवू? मी चहा तसाच टाकून रिक्षाने गेले. कॉलेजचं नाव घेत नाही, तिथे मी आयुष्य काढलंय आणि आत्ताच्या लोकांना कपाट रिकामं करायचं होतं एवढंच. अठ्ठेचाळीस शीटं होती, कांदा-बटाट्यासारखी सुतळीने बांधलेली, किलोच्या भावाने गेलेली. पैसे त्याने घेतले नाहीत, मी मात्र बळंच दिले.

त्या गठ्ठ्यात मधोमध होतं ५२ एल.

ज्यांनी भूगोलाचं प्रॅक्टिकल केलंय त्यांना टोपोशीट म्हणजे काय हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. पुस्तकात आपण स्थलदर्शक नकाशा म्हणतो, तोंडी मात्र टोपोशीटच. सर्वे ऑफ इंडियाचे हे नकाशे, १७६७ पासूनचं खातं आहे ते. त्यांनी अख्खा देश आणि आजूबाजूचा मुलूख चार अंश बाय चार अंशांच्या चौकोनांत कापलाय, प्रत्येक चौकोनाला नंबर. मग त्या चौकोनाचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत, एक तुकडा एक अंशाचा. आमचं कराड ४७ के वर येतं, पुणे ४७ एफ वर. एकदा ही युक्ती कळली की पोरं दिवसभर आपापल्या गावाचं शीट शोधत बसायची, विहीर सापडली, देऊळ सापडलं, ओढा सापडला, वर्गात नुसता कालवा. आणि मग मी ५२ एल काढायचे की सगळे गप्प. कारण त्यात शोधायलाच काही नाही असं वाटायचं.

५२ एल म्हणजे ३२ ते ३३ अंश उत्तर आणि ७८ ते ७९ अंश पूर्व. खालच्या डाव्या अंगाला स्पिती, काझा, धनकर, ताबो. वर त्सो मोरीरी आणि काठावरचं कोरझोक. उजव्या कडेला हानले, जिथे आता दुर्बीण आहे, दोन मीटर व्यासाच्या आरशाची, साडेचार हजार मीटर उंचीवर. हे माझं शीट पाव इंची, म्हणजे नकाशावरचा एक इंच जमिनीवरचे चार मैल. नकाशाचा चौकोन सतरा इंच उभा आणि साडेचौदा इंच आडवा, एवढ्याशा कागदात उत्तर-दक्षिण एकशे अकरा किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम चौऱ्याण्णव किलोमीटर मुलूख बसवलाय. मागे पातळ कापड चिकटवलेलं, घड्यांवर तेच कापड उसवलंय. खालचा डावा कोपरा वाळवीने नेला, नेमकं तिथेच छपाईचं साल होतं. पण किंमत शिल्लक आहे, एक रुपया आठ आणे. म्हणजे १९५७ च्या आधीचं, नवे पैसे यायच्या आधीचं. आमच्या डिपार्टमेंटचे पहिले सर शीटं डेहराडूनहून पोस्टाने मागवायचे असं ऐकलं होतं, त्यातलंच हे असणार.

रंग बघितले तर मोजकेच. तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, पाचशे पाचशे फुटांवर, काही ठिकाणी इतक्या दाट की बोटाचा ठसा उमटल्यासारखं दिसतं. निळं पाणी आणि निळ्याच रेषांचा बर्फ. पायवाटा तुटक. आणि शेती पिवळी, पण पिवळं शोधायला भिंग लागतं, स्पिती नदीच्या काठाने इवले इवले ठिपके, हळदीच्या बोटाने कोणीतरी कागद उचलावा तसे. गावं म्हणजे ते ठिपके. बाकी सगळा कागद कोरा नाहीतर तपकिरी. हिरवं तर जवळजवळ नाहीच, थंड वाळवंट आहे ते, हिमालयाच्या पाठीमागचं, पाऊस आपल्या सह्याद्रीसारखाच अलीकडच्या बाजूला पडून जातो आणि पलीकडे कोरडं. फरक एवढाच की आपल्याकडे पलीकडे माण-खटाव लागतं आणि तिकडे हे.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला ठरलेला प्रश्न असायचा, दिलेल्या नकाशातील वसाहतींचा प्रकार सांगा. केंद्रित, विखुरलेली, रेषीय, जे असेल ते. ५२ एल च्या वरच्या भागावर हा प्रश्न आला की अपेक्षित उत्तर ठरलेलं, वसाहत आढळत नाही, प्रदेश निर्जन. एका वर्षी एका मुलाने लिहिलं होतं, वस्ती असावी कारण पाणी आणि कॅम्पिंग ग्राउंड दाखवलंय. मी लाल पेनाने काट मारली, शून्य दिलं. बाजूला लिहिलंही होतं, कल्पनेने उत्तर लिहू नये. मुलाचं नाव आठवत नाही, अक्षर आठवतं, उजवीकडे झुकलेलं.

२०१२ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी स्वतः त्या वाटेने गेले. घरी सगळ्यांनी वेड्यात काढलं, यांनी तर विम्याचे कागद बघून ठेवले. आमचा सात जणांचा ग्रुप, किब्बरहून निघून पारांग ला आणि तिथून पारे चू नदीच्या कडेकडेने त्सो मोरीरी. खिंड साडेपाच हजार मीटरच्या वर आहे, पलीकडे बर्फाची मोठी उतरण. त्या दिवसाचं मला काही आठवत नाही, माझेच बूट आठवतात. सॅकमध्ये ५२ एल ची झेरॉक्स होती, काळीपांढरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. नदीकाठाने खाली आल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी ती काढली आणि बघितलं तर आपण बरोबर एका सी. जी. वर उभे आहोत. सी. जी. म्हणजे कॅम्पिंग ग्राउंड, जुन्या शीटवर असंच लिहायचे. आजूबाजूला बघितलं. दगडांची वर्तुळं होती, गुडघ्याएवढ्या उंचीची, चार-पाच पावलं रुंद, एक दोन नाही, मी मोजली ती अकरा. एकाच्या मधोमध तीन दगड, काळे झालेले, आत राख. शेजारी लेंड्यांचा थर असा की पाय रुतत होता. एक लहान मुलाची रबरी चप्पल, गुलाबी, एकच.

तीन दगड म्हणजे चूल हो. आमच्या आजीचीही अशीच होती. आणि चूल आहे म्हणजे घर आहे, फक्त घरचे लोक आत्ता दुसऱ्या कुरणावर गेलेत.

चांगपा लोकांची ही ठिकाणं. याकच्या केसांचा काळा तंबू, रेबो म्हणतात त्याला, आणि पश्मिन्याच्या शेळ्या, मेंढ्या, याक. वर्षभरात ठरलेल्या जागा बदलत फिरायचं, आपल्याकडचे धनगर जसे पाऊस बघून कोकणात उतरतात आणि परत वर येतात तसंच काहीसं. तंबू नेतात, दगडाचा कोट तिथेच राहतो, पुढच्या वर्षी येऊन त्यावर परत तंबू. म्हणजे नकाशावाल्याने शंभर वर्षांपूर्वी जिथे जिथे सी. जी. लिहिलं तिथे त्याला पाणी, चारा आणि वाऱ्याचा आडोसा दिसला होता, आणि बहुतेक माणसंही दिसली होती. खुणेत बसवायला त्याच्याकडे पक्क्या घराची लाल चौकट होती, उठून जाणाऱ्या घराची नव्हती. मी मात्र तीस वर्षं ते निर्जन म्हणून शिकवत बसले आणि एका पोराचे दोन मार्क खाल्ले.

नावं बघा त्या कागदावरची. तिथे मोकळ्या माळावरच्या दर चार-सहा मैलांना नाव आहे, आणि रिकाम्या जागेला नाव कोण कशाला ठेवेल. त्सो म्हणजे तलाव, ला म्हणजे खिंड, चू म्हणजे पाणी, थांग म्हणजे पठार. सुमदो म्हणजे पाणी एकत्र यायची जागा, आमच्या कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम तसा त्यांचा सुमदो. गोंगमा म्हणजे वरचं आणि योगमा म्हणजे खालचं, म्हणजे आपली वरची आळी खालची आळी. तलावाच्या दक्षिण टोकाला कियांगडोम आहे, कियांग म्हणजे तिथलं रानगाढव, आणि आम्ही तिथे पोचलो तेव्हा खरंच नऊ कियांग उभे होते, आमच्याकडे बघून जराही हलले नाहीत. त्याच दलदलीत पट्टकादंब पिल्लं घेऊन पोहत होते. हेच पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे उजनीला, जायकवाडीला येतात, तुमच्याच पेपरात दरवर्षी फोटो असतो. तेव्हा कृपया तुमच्या फोटोओळवाल्यांना सांगा, काहीच नाही तिथून आपले पाहुणे येतात.

पारे चू नदीची गंमत वेगळीच. ही पारांग लाच्या बाजूने निघते, लडाखच्या कोपऱ्यातून तिबेटमध्ये शिरते आणि तिकडून वळसा घालून परत भारतात येऊन स्पितीला मिळते, जिथे मिळते त्या जागेचं नावही सुमदोच. शीटवर हिच्यावरून बोट फिरवलं तर उलटा यू होतो. २००४ मध्ये तिबेटच्या बाजूला दरड कोसळून हिचं पाणी अडलं, तलाव तयार झाला, उपग्रहातून लक्ष ठेवून होते सगळे, आणि २६ जून २००५ ला तो फुटला. स्पिती पुढे सतलजला मिळते, त्या सतलजच्या काठचे पूल वाहून गेले, किन्नौरात दाणादाण. त्या दिवशी टीव्हीवर बाई सांगत होती की पाणी चीनमधून आलंय, आणि मी घरात ५२ एल आठवत होते, की अगं ते आधी इथूनच गेलंय.

आता ज्यांनी हे काढलं त्यांच्याबद्दल. एका फळीवर कागद, फळी तिकाटण्यावर, म्हणजे प्लेन टेबल, त्यावर नेम धरायची पट्टी. दोन-तीन माहितीची शिखरं दिसली की त्यांच्यावर नेम धरून रेषा ओढायच्या, जिथे कापतील तिथे आपण. ऐकायला सोपं आहे. पाच हजार मीटरवर वाऱ्यात फळी स्थिर धरून बघा. उंची काढायची एक जुनी रीत तर अशी की पाणी उकळायचं आणि थर्मामीटर बुडवायचा, त्सो मोरीरीच्या उंचीवर पाणी पंच्याऐंशीच्या आसपासच उकळतं, म्हणूनच तिथे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. आम्हाला रोज अर्धवट राजमा मिळाला तो त्याचमुळे, आचाऱ्याला उगाच बोल लावले.

आणि या साहेब लोकांचं सामान वाहायला, खांब रोवायला, शिखरावर आधी जाऊन खूण उभी करायला असायचे खलाशी. हो, खलाशीच, समुद्र नसला तरी सर्वेच्या खात्यात तोच शब्द. याच ५२ एल वर शिल्ला नावाचं शिखर आहे. १८६० मध्ये एक खलाशी सर्वेचा खांब घेऊन त्यावर चढला. हिशोबाने उंची आली तेवीस हजार फुटांच्या वर, म्हणजे त्या काळात माणूस इतक्या उंच गेलाच नव्हता, आणि पुढे कित्येक वर्षं गिर्यारोहणाच्या जगात तो विक्रम धरला गेला. नंतरच्या मोजणीत शिखर निघालं वीस हजार एकशे वीस फूट. जवळजवळ तीन हजार फुटांची चूक, म्हणजे अख्ख्या रायगडापेक्षा जास्त. लोक ही गोष्ट चुकीसाठी सांगतात. मला दुसरंच खुपतं, चुकीचा आकडा इंचाइंचाने दुरुस्त झाला पण त्या खलाशाचं नाव कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. वीस हजार फूट हेही काय कमी आहेत का हो, पायात काय घातलं असेल त्याने.

आता म्हणाल मोबाईलवर सगळं आहे की. आहे ना, मीही वापरते, भाजी आणायला जाताना पण लावते. पण तोच भाग मोबाईलवर उघडून बघा. रस्ता आहे तिथे रेषा, हॉटेल आहे तिथे टाचणी, आणि उरलेलं सपाट करडं. उपग्रहाचा फोटो लावला तर दगड न् दगड दिसतो, पण या झऱ्याचं पाणी पिण्याचं आहे का खारट, इथे रात्री जनावर बांधता येतं का, या जागेला लोक काय म्हणतात, हे फोटोला कसं कळणार. ते चालून गेलेल्याने विचारून लिहिलेलं असतं.

आणि ते लिहिलेलं आपण किलोने विकतोय. फक्त आमचंच कॉलेज नाही, मी या सहा महिन्यांत तीन-चार ठिकाणी चौकशी केली, कुठे भिजलेत, कुठे उंदरांनी नेलेत, एका ठिकाणी लग्नाच्या जेवणाला टेबलावर अंथरले म्हणे. एकेकाळी हेच नकाशे मिळवायला काय मारामार. किनाऱ्याजवळची आणि सरहद्दीजवळची शीटं रिस्ट्रिक्टेड, कोकणातलं शीट हवं तर पत्रावर पत्रं, शिक्के, प्राचार्यांची सही. २००५ मध्ये नकाशांचं नवं धोरण आलं, सामान्यांसाठी ओपन सिरीज वेगळी आणि लष्कराची वेगळी झाली. २०१७ पासून ओपन सिरीजचे नकाशे ऑनलाइन फुकट उतरवता येऊ लागले, २०२१ ला नियम अजून सैल झाले. चांगलंच आहे. पण ते नवे नकाशे. जुनी पाव इंची, एक इंची शीटं, ज्यात फूट आणि मैल आहेत, धरणाखाली गेलेली गावं आहेत, कोयनेच्या पाण्याखालच्या वाड्यांची नावं आहेत, ती ज्याच्या कपाटात आहेत त्याच्याच कपाटात. गंमत म्हणजे अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात आपल्याच सर्वेची शीटं मुख्यतः समोर ठेवून या सगळ्या भागाचे नकाशे छापले, आणि ते टेक्सासच्या युनिव्हर्सिटीने स्कॅन करून जगाला फुकट ठेवलेत. माझा भाचा ऑस्टिनला असतो, त्याने मला लिंक पाठवली, मावशी बघ तुझं त्सो मोरीरी. मला आनंद होऊन लाजही वाटली.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. ज्या ज्या कॉलेजात, हायस्कुलात, जुन्या ग्रामपंचायतीत, पाटबंधारे खात्याच्या कपाटात अशी शीटं पडलीत त्यांनी रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी नुसती यादी करावी, शीटाचा नंबर आणि सापडलं तर छपाईचं साल, बस. एका दुपारचं काम आहे, एनएसएसच्या पोरांना लावा. मग जिल्ह्याच्या ग्रंथालयाला नाहीतर विद्यापीठाच्या भूगोल विभागाला विचारा की यातलं काय हवंय. स्कॅन वगैरे नंतर बघू, त्याला परवानग्या लागतील त्या लागतील, सरहद्दीच्या शीटांचं तर नीट विचारूनच करायला पाहिजे. म्हणूनच मी या पत्रासोबत ५२ एल चा फोटो पाठवलेला नाही, मागूही नका. पण कागद तरी जिवंत ठेवा. आणि घडी करू नका हो, गुंडाळा. घडीवर पहिलं जातं ते नेमकं नाव असतं, माझ्या शीटवर हानलेच्या आसपासचं एक नाव असंच गेलंय, पहिलं अक्षर आहे आणि शेवटचं आहे.

माझी अठ्ठेचाळीस शीटं सध्या दिवाणाखाली आहेत, जुन्या साडीत गुंडाळून, डांबरगोळ्या घालून. हे म्हणतात दिवाळीला फराळाचे डबे कुठे ठेवायचे. बघू.

जाता जाता एक. प्रत्येक शीटच्या समासात शेजारच्या शीटांची छोटी सूची असते. ५२ एल च्या वर ५२ के, डावीकडे ५२ एच, उजवीकडे ५२ पी, खाली ५३ आय. गठ्ठ्यात खालचं ५३ आय आहे, डावीकडचं एच पण आहे, ५२ के मात्र नाही. त्सो मोरीरीचं उत्तर टोक तिकडे जातं, त्यामुळे माझ्याकडे तलाव आहे तो वरून कापलेला. आमचे ते पहिले सर कधी अर्धवट सेट घेत नसत, म्हणजे ५२ के याच कॉलेजात होतं, कधीतरी कोणीतरी प्रॅक्टिकलला म्हणून घरी नेलं असणार. साताऱ्या-सांगलीकडच्या कोणा जुन्या विद्यार्थ्याच्या माळ्यावर असेल तर पेपरच्या पत्त्यावर कळवा, मी येऊन घेऊन जाईन, कोण घेऊन गेलं होतं ते विचारणार नाही.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, कराड